सातच्या पाळीने खाल्लेले शेवट

आमच्या यांनी उभ्या आयुष्यात थिएटरात एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. दोष सातच्या पाळीचा. यंत्रमागाच्या कारखान्याला इकडे सुरतेच्या उधन्यात खातं म्हणतात, आणि खात्यात रातपाळी संध्याकाळी सातला लागायची. माग थांबत नसत. दिवसपाळीचा माणूस चालत्या मागांपासून बाजूला व्हायचा आणि रातपाळीचा त्याच्या जागी उभा राहायचा. उभं राहायला उशीर झाला, की शेठ ते माग दुसऱ्याच्या हाती द्यायचा. तीनचा खेळ सहाला सुटायचा. हे पावणेसहाला उठायचे, अंधारात पायानेच चप्पल शोधायचे, घरी जाऊन डबा उचलायचे आणि खात्यावर पळायचे. मी मागे बसून शेवट बघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हे पाळीवरून आले की चहासोबत तो यांना वाढायची.

वाढायचीच म्हणते मी. शिळ्या आमटीत थोडं पाणी, थोडं तिखट घालून वाढावी तशी.

आज तेव्हाची मी, ती पोरगी, आठवली, की तिच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. खानदेशातल्या खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन ती पॅसेंजरने उधन्याला उतरली, तेव्हा तिने आयुष्यात अडीच सिनेमे पाहिले होते. अर्धा यासाठी, की जत्रेतल्या तंबूत मशीन बिघडलं होतं. आणि वर्षभरात बाईसाहेब गल्लीतल्या सिनेमापंडित झाल्या. दुपारी ओट्यावर पाय सोडून बसायची, बायका गोळा व्हायच्या. सिनेमा ऐकायचा तर माझी मेथी निवडून द्यायची, असा नियम होता. सिनेमा लांबलचक असला, की मी मुद्दाम लसूण सोलायला काढायची.

माझा न्याय पुडीवर चालायचा. थिएटरात शिरताना आम्ही खाऱ्या सिंगेची, म्हणजे खारवलेल्या शेंगदाण्यांची, एक पुडी घ्यायचो. सिनेमा रटाळ, तर मध्यंतराआधीच नुसता कागद हातात. बरा असला तर अर्धी पुडी उरायची. आणि पुडी उघडायचंच भान राहिलं नाही, ती दोरा बांधलेली तशीच घरी आली, तर तो सिनेमा पहिल्या नंबराचा. असे फार थोडे. गल्लीतल्या बायका मला सिनेमा कसा होता असं विचारत नसत, पुडी किती उरली ते विचारत. माझ्या एका शब्दावर अख्खी गल्ली सिनेमाला जायची किंवा घरी बसायची. एवढा मान मला पुढे कधीच, कुठेच मिळाला नाही, म्हणून त्या पोरीच्या डोक्यात हवा गेली असेल, असं म्हणून मी तिला जरा सांभाळून घेते. पण जराच.

यांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. चौदाव्या वर्षापासून जो मागांमध्ये उभा आहे, त्याचं ते व्हायचंच. खात्यात त्या खडखडाटात कोणी आवाज काढून बोलतच नाही, नुसते ओठ हलवतात आणि समोरचा वाचतो. आमच्या घरातही तेच सुरू झालं. आमची भांडणं शेजाऱ्यांना कधी ऐकू गेली नाहीत. मी आवाज न काढता इतकं काही बोलून घ्यायची, की ते ऐकू आलं असतं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. हे समोर बघतायत तोवर भांडण. यांनी पाठ फिरवली, की भांडण बंद. बहिऱ्या माणसाची तेवढी एक चैन असते.

सिनेमातही हे नटांचे ओठ वाचायचे, आणि त्यातून यांची स्वतःची मतं तयार झाली. माझ्यापेक्षा ती खरी होती, हे मला आता पटतं. भुताचे सिनेमे यांना विनोदी वाटायचे. सगळं थिएटर किंचाळतंय, मी पदर तोंडात कोंबून बसलेय, आणि शेजारी हे मोठ्याने हसतायत. कारण यांना दिसायची नुसती एक बाई, पांढरं लुगडं नेसून मेणबत्ती घेऊन चाललेली, आणि एवढं चालूनही मेण तिच्या हातावर सांडत नाही. ते संगीत काढून घेतलं, की भुतात काही उरत नाही, हे कोणी पुस्तकात लिहिण्याआधी आमच्या घरात माहीत होतं. माझं स्वतःचं मत वेगळं. भुताच्या सिनेमाची खोट ही, की भुताला काय हवंय ते कोणी विचारत नाही, सगळे नुसते पळत सुटतात. म्हणून एका हवेलीच्या सिनेमाचा शेवट मी यांना असा सांगितला, की त्या भुताला तिची नथ परत दिली, हळदकुंकू लावलं, आणि ती हसत निघून गेली. खरा शेवट काय होता तो पुढे सांगते.

साहसाचे सिनेमे यांचे लाडके. दोर, कडे, मगरी, बुडणारी जहाजं. बोलणं कमी, म्हणून काही निसटायचं नाही. मला ते कधीच पुरते पटले नाहीत. नायक घर सोडून निघतो तेव्हा मागे कोणी उंबऱ्यात उभं नसतं, त्याला डबा कोणी देत नाही आणि पोहोचल्याचं पत्र कोणाला टाकायचं नसतं. अशाने निघणं सोपं होतं आणि सिनेमा खोटा होतो. आमच्या गल्लीतला जो तो काही ना काही मागे ठेवून आला होता. पण साहसात मी फार लुडबुड केली नाही. एकदाच, बेटावरचा खजिना समुद्रात बुडतो तिथे मला फार हळहळ वाटली, तर मी तो यांच्यासाठी वर काढला आणि नायकाला गावात विहीर बांधायला लावली.

खरी कारागिरी मी करायची ती घरगुती, रडारडीच्या सिनेमांत. त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हाच पक्कं होतं. सिनेमा करणाऱ्याला या माणसांचं पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून तो शेवटच्या पंधरा मिनिटांत एकाला मारतो आणि लोकांना रुमाल काढायला लावतो. हे मत मी आजही सोडलेलं नाही, फक्त ते सांगताना आता जीभ अडखळते. तर बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला चहासोबत प्रेत कशाला द्यायचं, म्हणून मी माणसं जगवायची. किती आयांना मी दवाखान्यातून घरी आणलं, किती सुना विहिरीच्या काठावरून मागे वळवल्या. हे ते सगळं ऐकून, म्हणजे बघून, सुखाने झोपी जायचे. मला वाटायचं, मी सिनेमा करणाऱ्यापेक्षा हुशार आहे.

आता यांच्या थोरल्या भावाचं सांगायला हवं. सासूबाई गावी वारल्या तेव्हा निरोप खात्यावर आला आणि पाळी संपेपर्यंत कोणाच्या तरी खिशात राहिला. हे पोहोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. भर अंगणात हे भावाला म्हणाले, की आई काय तुझ्या एकट्याची होती, थांबला का नाहीस. मोठे भाऊ तोंड फिरवून नाही, अगदी समोर बघून म्हणाले, तुला ऐकू येत असतं तर वेळेवर आला असतास. यांनी ते ओठांवरून वाचलं. कडू घासही न घेता हे फाट्यावर चालत गेले, आणि आईचं दहावं यांनी तापीकाठी एकट्याने केलं.

त्यानंतर दरवर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, की यांचा जीव गावाकडे ओढायचा. पिशवी काढायचे, झटकायचे, परत खिळ्याला लावायचे. मी काही म्हणायची नाही. मला जायचंच नव्हतं. जाऊबाईंनी एकदा भर बायकांत मला सुरतवाली म्हणून हिणवलं होतं, आणि तेवढं मी मनात धरून बसले होते. एवढंसंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर आज सांगताना बरं वाटलं असतं.

त्याच दिवसांत तो दोन भावांचा सिनेमा लागला. शहरात राहणारा धाकटा, गावी राहणारा थोरला, मध्ये वर्षानुवर्षांचा अबोला. यांनी त्या दिवशी डोळ्याची पापणी हलवली नाही. पुडी यांच्या मुठीत होती, दोरा तसाच. पावणेसहाला धाकटा पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभा राहिला आणि इकडे हे उठले. एरवी सरळ बाहेर पडायचे. त्या दिवशी दारापर्यंत जाऊन दोनदा मागे वळून पडद्याकडे बघितलं, मग गेले.

शेवट असा होता. धाकटा गावी पोहोचतो. घराला कुलूप. शेजारीण सांगते, थोरला महिन्यापूर्वी गेला, रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसायचा, तुझी वाट बघत.

सकाळी हे आले, हात धुतले, पाटावर बसले, आणि चहाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "पुढे काय व्हयनं? गया का तो?"

मला खरं सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण मला दिसत होतं, खरं सांगितलं तर हा माणूस उठून पिशवी घेईल आणि संध्याकाळच्या गाडीला बसेल, मलाही बसवेल, आणि मला त्या जाऊबाईच्या पाया पडावं लागेल. मी म्हटलं, धाकट्याला जावंच लागलं नाही. तो स्टँडवर उभा असतानाच समोरून एसटी आली आणि तिच्यातून थोरलाच उतरला. त्यानेच याला मिठी मारली. हे सांगताना मी हातवारे करून मिठीसुद्धा मारून दाखवली. काय छान जमली होती ती मिठी.

हे बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "मंग येई तो." म्हणजे, मग येईल तो. आमचाही येईल, असं.

त्या वर्षी पिशवी खिळ्यावरून निघाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आखाजीच्या दिवशी हे पाळीला दांडी मारायचे आणि सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसायचे. रिक्षा थांबली, की "उना" म्हणत, म्हणजे आला म्हणत, अर्धे उठायचे. चौथ्या वर्षी गावाहून थोरले गेल्याचा निरोप आला, या वेळी अगदी वेळेवर. जाऊबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मला त्यांच्या पाया पडावं लागलंच नाही. रडता रडता त्यांनी सांगितलं, की दर आखाजीला ते फाट्यावर जायचे, सुरतेची गाडी बघायला, म्हणायचे मी बोललो ते वाईट बोललो, पण तो येईल, लहान आहे तो. आमचे हे तेव्हा अंगणात खाली मान घालून बसले होते. यांनी जाऊबाईंच्या ओठांकडे पाहिलं नाही, आणि मी काही परत सांगितलं नाही. तो शेवट मी आधीच बघून ठेवलेला होता, अगदी शब्द न् शब्द.

त्यानंतर मी ओट्यावर सिनेमे सांगायचे बंद केले. बायकांना वाटलं, घरात सुतक आहे. मग टीव्ही आला आणि कोणाला माझी गरज राहिली नाही. थिएटरही गेलं, तिथे आता साड्यांच्या पार्सलांचं गोदाम आहे.

गेल्या वर्षी यांचा एक डोळा साखरेने गेला. दुसऱ्यावर सावली येत होती. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवला, त्यात पेनाने कडेकडेने काळं केलं आणि मध्ये थोडं पांढरं ठेवलं. म्हणाले, आता एवढंच राहिलंय, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की डोळा गेला म्हणजे माझे ओठही गेले. या माणसाशी बोलायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

घरी आल्यावर हे आमच्या नातीला म्हणाले, मला शेवट दाखव. ती कॉलेजात जाते, मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरते. तिला आधी कळलंच नाही. मग यांनी समजावलं, की जेवढे सिनेमे अर्धवट सुटले, त्यांची फक्त शेवटची पंधरा मिनिटं बघायची आहेत, डोळा आहे तोवर. तिला भारी मौज वाटली. सिनेमाचं नाव आठवत नसलं, की हे गोष्ट सांगायचे आणि ती मोबाइलवर शोधून टीव्हीला लावायची. हे टीव्हीपासून वीतभर अंतरावर स्टूल टाकून बसायचे, मान वाकडी करून, त्या उरलेल्या पांढऱ्या गोलातून बघायचे.

आणि माझी एकेक चोरी उघडी पडायला लागली. हवेलीतलं भूत म्हणजे दिवाणजी निघाला, बायकी लुगडं नेसलेला, हातात बॅटरी. हे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, नथ कुठंय? मी म्हटलं, त्याने विकून खाल्ली असेल. खजिना समुद्रात गेला तेव्हा यांनी विचारलं, विहीर कधी बांधणार हा? नात पोट धरून हसत होती. म्हणाली, "आजी, तू तो भारे फेकू छे." मी तिच्यापेक्षा जास्त हसले. कितीतरी वर्षांनी घरात माझा सिनेमा चालत होता. हे म्हणाले, तुझेच शेवट बरे होते, सिनेमावाल्यांना अक्कल नाही. मला क्षणभर वाटलं, मग तोही शेवट हसण्यावारी जाईल.

तेवढ्यात हे म्हणाले, तो भावांचा सर्वांत शेवटी लाव. थोरला एसटीतून उतरतो ते मला नीट बघायचंय.

नातीने तो सिनेमा मिनिटात शोधला आणि माझ्याशेजारी बसून मोबाइलवर शेवट बघून घेतला, नीट चालतोय का म्हणून. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आजी, यात तर तो येतच नाही."

"माहीत आहे मला."

आखाजीला आजोबा दारात खुर्ची टाकून बसायचे, ही गोष्ट तिने तिच्या बापाकडून ऐकलेली आहे. मी तिला म्हटलं, सापडत नाही म्हणून सांग. तिने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं आणि यांच्या डोळ्याजवळ धरलं. हे म्हणाले, शोध, घाई नाही. रोज विचारायचे. रोज ती पोर तेच लिहून दाखवायची आणि मग माझ्याशी दिवसभर तुटक बोलायची. माझं पाप मी तिच्या बोटांनी लिहून घेत होते.

मी रोज ठरवायची, की आज सांगायचं. यांच्यासमोर बसायची, ओठ उघडायची, आणि निघायचं भलतंच, चहा घ्या, गोळी घेतली का. खरं सांगून यांना काय देणार होते मी? भाऊ परत येणार नव्हता. आणि न सांगून काय वाचवत होते, तेही धड माहीत नाही. बहुतेक स्वतःलाच. मग एका सकाळी यांनी विचारलं, ट्यूब का बंद केली. ट्यूब चालू होती. खिडकीतून ऊनही येत होतं.

आता आमचं बोलणं असं चालतं. हे विचारतात आणि आपला तळवा माझ्या गालावर ठेवतात. मी मान वरखाली हलवली की हो, आडवी हलवली की नाही. तेवढीच दोन उत्तरं उरली आहेत. मी कधीकधी यांच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढून बघते, पण यांची शाळा चौथीतच सुटली, दोन अक्षरांनंतर हे गोंधळतात आणि हात झटकतात.

परवा सकाळी चहा पिऊन झाल्यावर हे आपणहून म्हणाले, तो भावांचा काही सापडला नाही. मी यांच्या समोर पाटावर बसले होते, तेव्हाच्यासारखी. मी ओठ हलवून सगळं सांगितलं. कुलूप, शेजारीण, फाटा, आणि नंतर आमचं, जाऊबाई, सुरतेची गाडी, माझं नाटक, ती मिठी. काही राखून ठेवलं नाही. हे सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते आणि यांना काही दिसत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं, म्हणूनच मला ते बोलता आलं. एवढंच धाडस जमलं मला आयुष्यात.

बोलणं संपल्यावर यांनी हात पुढे केला. चाचपडत माझा गाल शोधला, तळवा टेकवला आणि विचारलं, "तो उना ना? थोरलाच उना ना?"

मी मान वरखाली हलवली.

हात बराच वेळ तिथेच होता. गाल ओला होता, तेही यांना कळलं असणार, पण त्याबद्दल यांनी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी हो किंवा नाही एवढंच सांगता आलं असतं. मग हात काढून घेऊन हे म्हणाले, चांगला होता सिनेमा, त्या दिवशी पुडी उघडलीच नव्हती आपण.

मी उठून कपबश्या विसळायला घेतल्या.